आपली पिशवी आणि इंग्रजीची खुर्ची



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी मला इंग्रजीवर लेख लिहायला सांगितला. मी म्हटलं, "गुरुजी, मला कुठे इंग्रजी येतं?" गुरुजी म्हणाले, "म्हणूनच लिही. जे चुकलं तेच लिही. म्हणजे दुसऱ्यांचं चुकणार नाही." म्हणून मी माझी चूक लिहिते आहे. चूक फार लहान होती. एकाच शब्दाची होती. पण त्या एका शब्दापायी आमच्या आजीचा नवा चष्मा हरवता हरवता वाचला.

नौपाड्यात काय झाले

दिवाळीच्या सुट्टीत बाबा, आजी आणि मी ठाण्याला मामाकडे गेलो होतो. माझा मामा नौपाड्यात राहतो. आमच्या गावाहून आसनगावपर्यंत एस.टी.ने जायचे आणि तिथून लोकल धरायची. आजीला डोळ्यांनी कमी दिसते. तांदूळ निवडताना खडे तसेच राहतात. म्हणून तिचा चष्मा ठाण्याला करायला टाकला होता. भात अजून झोडायचा होता, तेव्हा हातात पैसे नव्हते. बाबांनी चष्म्यासाठी उसने पैसे आणले होते.

दुसऱ्या दिवशी आजी मामाच्या घरी थांबली. बाबांनी आणि मी चष्मा ताब्यात घेतला. मग गोखले रोडवरच्या एका कापडाच्या दुकानात आईसाठी साडी घेतली. दिवाळीची गर्दी फार होती. दुकानदार सगळ्यांना एकसारखी पिवळी कापडी पिशवी देत होते. बाबांनी साडी आणि चष्म्याची डबी त्या पिशवीत ठेवली. पिशवी बाकावर ठेवून मला म्हणाले, "इथे बस. मी पैसे देऊन येतो." मी बसले. पण समोर एक बाई जरीचे परकर बघत होत्या, तिकडेच माझे लक्ष गेले.

तेवढ्यात एक म्हातारे आजोबा आले. पांढरे केस, पायात चपला, खांद्यावर उपरणे. बाकावर आता दोन पिवळ्या पिशव्या होत्या. त्यांनी त्यातली एक उचलली आणि मला विचारले, "हूज बॅग इज धिस?"

मला समजले! हूज म्हणजे कोणाची, हे आमचे झाले आहे. पिशवी आमचीच होती. मी मनात म्हटले, "ही आपली पिशवी आहे." आता 'आपली'ला इंग्रजीत काय म्हणायचे? मला गुरुजींचा पाठ आठवला. "व्हॉट इज युवर नेम? म्हणजे आपले नाव काय?" झालं! आपले म्हणजे युवर. मी उभी राहिले आणि मोठ्याने म्हटले, "सर, धिस युवर बॅग."

आजोबा हसले. "थँक यू, थँक यू" म्हणाले आणि आमची पिशवी घेऊन गेले. मला वाटलं, मी किती छान इंग्रजी बोलले! बाबांना कधी सांगते असं झालं.

बाबा आले. बाकावरची दुसरी पिशवी उघडून बघतात तर आत लहान बाळाची टोपी आणि झबले. साडी नाही, डबी नाही. मी सगळे सांगितले. बाबा मला रागावले नाहीत. पण त्यांचा चेहरा एकदम उतरला. ते धावत रस्त्यावर गेले. इकडे बघितले, तिकडे बघितले. एवढ्या गर्दीत पांढरे केस कोणाचे शोधायचे? मी पायरीवर बसून रडायला लागले.

वीस मिनिटांनी ते आजोबा आपणहून परत आले. त्यांना धाप लागली होती. त्यांनी पिशवीत हात घातला तर चष्म्याची डबी लागली होती. ते बाबांना म्हणाले, "धिस इज नॉट माय बॅग. माइन इज दॅट वन." बाबांनी दोन्ही हात जोडले. आजोबा चेन्नईहून मुलीकडे आले होते. त्यांना मराठी येत नव्हते. दुकानातल्या एका ताईने मध्ये पडून दोघांचे बोलणे एकमेकांना सांगितले. मी 'युवर' का म्हटले हे ऐकून आजोबांना खूप हसू आले. पण ते मला हसले नाहीत, शब्दाला हसले.

अशी ही माझी चूक. आता ती का झाली ते सांगते.

एक 'आपले', किती अर्थ!

मराठीत 'आपले' हा शब्द फार कामाचा आहे. तो सगळ्यांच्या घरी जातो. बघा:

"पाहुणे, आपले नाव काय?" इथे आपले म्हणजे तुमचे. इंग्रजीत युवर.

"चल गं, आपली शाळा भरली." इथे आपली म्हणजे तुझी आणि माझी, दोघींची. इंग्रजीत अवर.

"राम आपले दप्तर घेऊन गेला." इथे आपले म्हणजे त्याचे स्वतःचे. इंग्रजीत हिज.

"सीता आपले दप्तर घेऊन गेली." आता हर.

"मुले आपली दप्तरे घेऊन गेली." आता देअर.

"मी आपले दप्तर उचलले आणि निघाले." आता तर माय!

म्हणजे मराठीच्या एका 'आपले'ला इंग्रजीत सहा कपडे घालावे लागतात. मी घाईत चुकीचा कपडा घातला. म्हणून कधीही 'आपले' आले की आधी मनात विचारायचे, आपले म्हणजे नक्की कोणाचे? मगच तोंड उघडायचे.

इंग्रजीत उलटी गंमत पण आहे. मराठीत आपण तुझे, तुमचे आणि आपले असे तीन मान देतो. इंग्रजीत तिघांना एकच युवर. गुरुजींना पण युवर आणि धाकट्या भावाला पण युवर. आजी म्हणाली, "मग त्यांच्यात मोठ्यांचा मान कसा ठेवतात?" मामा म्हणाला, "सर, मॅडम, प्लीज असे शब्द लावून ठेवतात."

आणखी एक. मराठीत 'आमची' आणि 'आपली' वेगळे आहे. "आमच्या घरी लाडू केले" म्हटले तर ऐकणाऱ्याने गप्प बसायचे. "आपल्या घरी लाडू केले" म्हटले तर त्यालाही एक मिळणार! इंग्रजीत दोन्हीला अवर हा एकच शब्द. हिंदीत पण दोन्हीला हमारा. पण गुजराथीत आपल्यासारखे दोन आहेत, अमे आणि आपणे. दुकानातले आजोबा म्हणाले की तमिळमध्ये पण दोन आहेत. ऐकणाऱ्याला धरून आपण म्हणायचे तर नाम, आणि त्याला सोडून आम्ही म्हणायचे तर नांगळ. चेन्नई किती लांब आहे, तरी त्यांचे आणि आपले हे सारखे निघाले. मला फार आनंद झाला.

ताईची खुर्ची

रात्री जेवणे झाल्यावर मी मामाच्या मुलीला, म्हणजे ताईला, सगळे सांगितले. ताई आठवीत आहे. ती म्हणाली, "तुझ्या वाक्यात एक नाही, दोन चुका होत्या. धिस युवर बॅग असं इंग्रजीत म्हणतच नाहीत. थांब, खेळून दाखवते."

तिने घरातली प्लॅस्टिकची खुर्ची खोलीच्या मध्ये ठेवली. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर शब्द लिहिले आणि सुतळीने आमच्या गळ्यात बांधले. ताईचा धाकटा भाऊ झाला 'बॅग'. तो खुर्चीच्या मागे उभा राहिला. मी झाले 'माय'. आजी म्हणाली, मला पण घ्या. आजी झाली 'धिस'. नवा चष्मा लावून ती फार ऐटीत उभी होती.

ताई म्हणाली, "प्रत्येक इंग्रजी नामाच्या पुढे अशी एक खुर्ची असते असं समज. हे नाम कुठलं, कोणाचं, ते खुर्चीवर बसलेला शब्द सांगतो. पण खुर्ची एकच आहे."

मग तिने आजीला बसवले. वाचा, काय झाले? "धिस बॅग." म्हणजे ही पिशवी. बरोबर. आजीला उठवून मला बसवले. "माय बॅग." म्हणजे माझी पिशवी. बरोबर. मग ती म्हणाली, "आता दोघी बसा." मी आणि आजी दोघी बसायला गेलो तर खुर्ची कर्र करून वाजली. मामी ओरडली, "मोडाल गं!"

ताई म्हणाली, "हाच नियम. एका खुर्चीवर दोघे बसत नाहीत."

मराठीत आपण सहज म्हणतो, "ही माझी पिशवी फाटली." ही पण आणि माझी पण. आपल्याकडे खुर्ची नाही, सतरंजी आहे. कितीही जण मांडी घालून बसा! म्हणून आपण इंग्रजीत पण "धिस माय बॅग" म्हणतो आणि तिथे चुकतो.

आपल्या व्याकरणात हा, तो, माझा, तुझा असे शब्द नामाच्या आधी आले की त्यांना सार्वनामिक विशेषण म्हणतात. सार्वनामिक म्हणजे सर्वनामापासून झालेले. एकटे आले की सर्वनाम, नामाला चिकटले की विशेषण. गुरुजींनी सांगितले की दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण पुस्तक करून छापले. म्हणून त्यांना मराठी भाषेचे पाणिनी म्हणतात. एवढ्या जुन्या काळापासून लोक अशा लहान शब्दांचा विचार करत आहेत, मग आपणही थोडा करावा.

खुर्चीवर कोण कोण बसते

खुर्चीवर बसायचा हक्क या शब्दांना आहे:

अ, अॅन आणि द. यांना उपपदे म्हणतात.

धिस, दॅट, धीज, दोज. म्हणजे हा, तो, हे, ते.

माय, युवर, हिज, हर, इट्स, अवर, देअर. म्हणजे माझे, तुझे, त्याचे, तिचे, वासराचे किंवा वस्तूचे, आमचे, त्यांचे.

राम्स, सीताज. म्हणजे रामाचे, सीतेचे.

एव्हरी, ईच, नो, सम, एनी. म्हणजे दर एक, प्रत्येक, एकही नाही, काही, कुठलेही.

यातला एक बसला की दुसऱ्याने बसायचे नाही. "द माय बुक" चूक. "अ युवर पेन" चूक. "दॅट राम्स हाउस" म्हणजे ते रामाचे घर, हे पण चूक.

माय, युवर यांची एक सोय चांगली आहे. मराठीत माझा फळा, माझी पाटी, माझे पुस्तक, माझ्या वह्या, असे दर वेळी रूप बदलते. इंग्रजीत सगळ्यांना माय. पाटी असो का फळा असो, माय ते माय. पण हिज आणि हर मध्ये जपावे लागते. आमच्या वर्गात खूप जण "रामाची बहीण" याला "हर सिस्टर" लिहितात. बहीण मुलगी आहे ना, म्हणून हर! पण तसे नाही. वस्तू किंवा माणूस कोणाचे आहे ते बघायचे. राम मुलगा आहे, म्हणून "हिज सिस्टर". सीतेचा भाऊ असेल तर "हर ब्रदर". आपणही मराठीत 'त्याची बहीण' आणि 'तिचा भाऊ' म्हणतो. मालकाकडे बघा, म्हणजे चुकणार नाही.

मागच्या दाराने या

मी ताईला विचारले, "पण मला ही पण म्हणायचं आहे आणि माझी पण म्हणायचं आहे. मग काय करू?"

ताई म्हणाली, "मग एकाने खुर्चीवर बसायचं आणि दुसऱ्याने मागच्या दाराने यायचं." तिने आजीला खुर्चीवर बसवले, 'धिस'. मागे भाऊ, 'बॅग'. मग बाबांना बोलावले आणि त्यांच्या गळ्यात 'ऑफ' बांधले. बाबा लाजत होते, पण उभे राहिले. माझा 'माय'चा पुठ्ठा काढून 'माइन' घातला आणि मला सगळ्यात शेवटी उभे केले. आता ओळीने वाचा: "धिस बॅग ऑफ माइन." ही माझी पिशवी! खुर्ची पण मोडली नाही.

तसेच "माझा एक मित्र". आपण "माय वन फ्रेंड" म्हणतो. बरोबर आहे "अ फ्रेंड ऑफ माइन". खुर्चीवर अ, मागच्या दाराने माइन. "तिचे काही मित्र" म्हणायचे असेल तर "सम हर फ्रेंड्स" नाही. "सम ऑफ हर फ्रेंड्स" म्हणायचे. इथेही ऑफनेच भांडण मिटवले. ऑफ आला की दोघांना जागा होते.

तुम्ही म्हणाल, "पण पुस्तकात तर धिस इज माय बॅग असं छापलं आहे. त्यात धिस पण आहे आणि माय पण आहे!" मी पण असेच विचारले होते. त्यात मध्ये 'इज' आहे. तिथे धिस हा बॅगच्या खुर्चीवर बसलेलाच नाही. तो वाक्याच्या सुरुवातीला आपल्या पायावर उभा आहे, म्हणजे तो तिथे सर्वनाम आहे. खुर्चीवर फक्त माय आहे. दुकानात मी 'इज' खाल्ला आणि दोघांना एका खुर्चीवर कोंबले.

माय आणि माइन

दुकानातले आजोबा "माइन इज दॅट वन" म्हणाले तेव्हा मला माइन हा शब्द माहीत नव्हता. आता सांगते. खुर्चीवर बसायचे असेल तर माय. नाम जवळ नसेल, एकट्याने राहायचे असेल तर माइन. मराठीत दोन्हीकडे माझी. "ही माझी पिशवी आहे." "ही पिशवी माझी आहे." इंग्रजीत जागा बदलली की रूप बदलते:

धिस इज माय बॅग. धिस बॅग इज माइन.
धिस इज युवर बॅग. धिस बॅग इज युवर्स.
धिस इज हर बॅग. धिस बॅग इज हर्स.
धिस इज अवर बॅग. धिस बॅग इज अवर्स.
धिस इज देअर बॅग. धिस बॅग इज देअर्स.
धिस इज हिज बॅग. धिस बॅग इज हिज.

शेवटचा हिज मात्र दोन्हीकडे तसाच राहतो. तो आळशी आहे, कपडे बदलत नाही.

धिस, दॅट, सम, ऑल हे शब्द पण खुर्चीवर आणि एकटे, दोन्हीकडे तसेच चालतात. पण अ, द आणि एव्हरी यांना एकटे सोडता येत नाही. "आय वाँट द" म्हटले की समोरचा विचारणार, द काय? त्यांना नाम लागतेच. नो चे एकट्याचे रूप नन होते. अ च्या जागी वन येतो. म्हणूनच आजोबा "दॅट वन" म्हणाले.

सर्वनामाला खुर्ची द्यायची नाही

आता सगळ्यात महत्त्वाचे. सर्वनाम नामाऐवजी येते, असे आपण पाठ केले आहे. इंग्रजीत ते नाम आणि त्याची खुर्ची, दोन्ही उचलून नेते. "माय बॅग इज येलो" या वाक्यात 'बॅग'ऐवजी इट घातला तर "माय इट" होत नाही. माय पण जातो आणि बॅग पण जाते. नुसते "इट इज येलो". "द ओल्ड मॅन" च्या जागी नुसता ही. "द ही" कधीच नाही.

म्हणून "आम्ही सगळे" याला "ऑल अस" म्हणत नाहीत. अस हे सर्वनाम आहे, त्याच्या पुढे खुर्ची नाही. तिथे पण ऑफ येतो, "ऑल ऑफ अस". "त्यांच्यातले काही" म्हणजे "सम ऑफ देम".

आमच्या वर्गात बऱ्याच जणांनी 'माझे बाबा' या विषयावर लिहिताना "माय फादर ही इज अ फार्मर" असे लिहिले. मी पण लिहिले होते. एकदा माय फादर आले की परत ही कशाला? बाबा एकच आहेत. एक तर "माय फादर इज अ फार्मर" लिहा, नाही तर नुसते "ही इज अ फार्मर".

खुर्ची रिकामी पण ठेवू नका

दोघे बसत नाहीत, तसेच खुर्ची रिकामीही ठेवत नाहीत. आपण म्हणतो, "मी दप्तर उचलले." इंग्रजीत "आय पिक्ड अप बॅग" म्हटले तर कोणाचे दप्तर, कुठले दप्तर, काहीच कळत नाही. "माय बॅग" किंवा "द बॅग" किंवा "अ बॅग", कोणी तरी बसवा. "मी हात धुतले" याला पण "आय वॉश्ड माय हँड्स". आपल्याकडे कोणाचे हात ते सांगावे लागत नाही. मी दुसऱ्याचे हात कशाला धुईन?

पण हा नियम मोजता येणाऱ्या एका वस्तूचा आहे. पाणी, दूध, तांदूळ एक दोन असे मोजत नाहीत, म्हणून त्यांची खुर्ची रिकामी चालते. गावाचे आणि माणसाचे नाव पण बिनखुर्चीचे चालते. ठाणे म्हणजे ठाणे. "द ठाणे" नको.

परत येताना लोकलमध्ये मी कान देऊन ऐकले. "पुढील स्टेशन कल्याण. अगला स्टेशन कल्याण. नेक्स्ट स्टेशन कल्याण." मी बाबांना म्हटले, "इथे पण खुर्ची रिकामी आहे! द नेक्स्ट स्टेशन पाहिजे होते." नंतर गुरुजींनी सांगितले की पाट्या, बातमीचे मथळे आणि घोषणा यांत जागा वाचवायला असे लहान शब्द गाळतात. आपल्याकडे नाही का, 'ताजे दूध मिळेल' एवढीच पाटी असते? पाटीला माफ आहे, वहीत माफ नाही. नौपाड्यात जागोजागी 'नो पार्किंग' लिहिले आहे. तिथे मात्र नो खुर्चीवर नीट बसला आहे.

पुढे कोण, मागे कोण

खुर्चीच्या पुढे ऑल, बोथ आणि हाफ उभे राहू शकतात. ते शिपायासारखे आहेत, साहेबाच्या पुढे चालतात. "ऑल माय बुक्स." "बोथ माय हँड्स." खुर्चीच्या मागे आकडे उभे राहतात. "माय टू ब्रदर्स." "द फर्स्ट ट्रेन." तिघे मिळून पण चालतात. "ऑल धीज फाइव्ह मँगोज." पुढे शिपाई, मग खुर्ची, मग आकडा, शेवटी आंबे.

ट्रेनवरून आठवले. भारतातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला आली. चौदा डबे होते, सुमारे चारशे माणसे होती आणि अंतर ३४ किलोमीटर होते. मामाने मला स्टेशन दाखवले आणि म्हणाला, "हे इंग्रजीत सांग बघू." मी म्हटले, "द इंडियाज फर्स्ट ट्रेन." ताई हसली. इंडियाज एकदा खुर्चीवर बसले की द ला उठावे लागते! बरोबर आहे "इंडियाज फर्स्ट ट्रेन". किंवा "द फर्स्ट ट्रेन इन इंडिया". मोठमोठी माणसेसुद्धा इथे चुकतात, असे मामा म्हणाला. मग मला बरे वाटले.

बाबा काय म्हणाले

चष्मा मिळाल्यावर घरी येताना मी बाबांना म्हटले, "मी आता कधीच इंग्रजी बोलणार नाही." बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. मी शिकलो, पण चुकेल म्हणून कधी तोंड उघडलं नाही. आज त्या आजोबांना मला दोन शब्द सांगायचे होते. थँक यू सोडून एक आला नाही. तू चुकलीस, पण बोललीस. तुला दुरुस्त करता येईल. मी काय दुरुस्त करू?"

सन २००० पासून महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आपण चौथीत आहोत आणि आपली चार वर्षे झाली. आपल्या खूपशा आईबाबांची त्या वयात शून्य होती. म्हणून पालकांनो, तुम्हाला हे सोपे वाटले नाही तर लाजू नका. घरी एक खुर्ची मांडा आणि आमच्याशी खेळा. माझे बाबा आता रोज एक वाक्य म्हणतात. काल गोठ्यात म्हणाले, "धिस इज अवर काऊ." मी म्हटले, "अवर म्हणजे आमची का आपली?" बाबा म्हणाले, "गाईला विचार."

आजी चष्मा लावून तांदूळ निवडते. आता खडे राहत नाहीत. कोणी चष्म्याला हात लावला की ती ओरडते, "माइन! माइन!"

तुम्ही करून पाहा

खालच्या वाक्यांत खुर्चीचे भांडण आहे. ते मिटवा.

१. धिस माय पेन इज न्यू.
२. सीता अँड हिज ब्रदर केम.
३. धिस बॅट इज माय.
४. ऑल अस आर हॅपी.
५. माय मदर शी इज अॅट होम.

उत्तरे:
१. धिस पेन ऑफ माइन इज न्यू. किंवा नुसते, माय पेन इज न्यू.
२. सीता अँड हर ब्रदर केम.
३. धिस बॅट इज माइन.
४. ऑल ऑफ अस आर हॅपी.
५. माय मदर इज अॅट होम.

पाचही बरोबर आले तर शाबास. चुकले तर माझ्याकडे या. चुकण्यात मी तुमच्या पुढे आहे.

हे भित्तिपत्रक आपले आहे. इथे आपले म्हणजे तुमचे आणि माझे, सगळ्यांचे. अवर!

एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी